अडीच इंच

गेल्या पावसाळ्यात महाडहून माझ्या भाच्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली, घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारून झाली आणि मग तो मुद्द्यावर आला.

"मामू, गाडी उचलून घ्यावी म्हणतोय. दोन-तीन इंच. तुम्ही तिकडे शारजात केली होती ना? कसं करतात ते? खर्च किती येतो?"

त्याच्या प्रश्नामागचं कारण मला ठाऊक होतं. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा त्याची आधीची गाडी दारात उभ्या उभ्या सीटपर्यंत बुडाली होती. ती भंगारातच गेली. आता त्याने नवी, जरा मोठी गाडी घेतली आहे. शिवाय आमच्या गावाकडे जाणारा शेवटचा मैलभर रस्ता जांभ्या दगडाचा. पावसात त्याला मधोमध ओघळ पडतात आणि गाडीचं पोट घासतं. त्या रस्त्याच्या टोकाला त्याची नानी, म्हणजे माझी अम्मी राहते. तिला दवाखान्यात न्यायचं, आणायचं, हे काम तोच करतो. त्यामुळे त्याचा प्रश्न हौसेचा होता असं म्हणता येणार नाही.

मी म्हटलं, "रात्री सविस्तर बोलू." पण रात्रीही ते फोनवर सांगणं जमेना. खर्चाचा आकडा एका वाक्यात सांगता आला असता. पण त्या आकड्यात सगळा खर्च येत नव्हता. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्याकडे प्राडो आहे. २०१२ चं मॉडेल, मी ती सेकंडहँड घेतली. कोकणातल्या आमच्या माणसांना आखात काही नवं नाही. एका पिढीने जहाजावर नोकऱ्या केल्या, दुसरी पिढी कुवेत, दुबई, सौदीला गेली. त्या पिढीतले बहुतेक जण खोलीत सहा-सहा जण राहून घरी पैसे पाठवत. गाडी घेऊन वाळवंटात फिरायला जाणं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. माझे अब्बा अकरा वर्षं दुबईत होते, पण वाळवंट त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं तेवढंच. माझ्या वाट्याला जरा बरे दिवस आले. बायको, दोन मुलं, सात माणसं मावतील अशी गाडी. जानेवारी २०२२ पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी सुरू झाली आणि आमच्या घरात वाळवंटाचं वेड शिरलं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते अल बदायरला. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाल वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे सुट्टीच्या दिवशी जत्राच असते. शेजारचं एक कुटुंब बरोबर होतं. गाडीत सात माणसं, पाण्याची खोकी, चटया, शेगडी, बिर्याणीचं पातेलं. तिसऱ्याच टेकडीच्या माथ्यावर गाडी पोटावर बसली. पुढची चाकं एका बाजूला, मागची दुसऱ्या बाजूला, आणि मधलं पोट वाळूवर. एक्सलरेटर दाबला की चाकं आणखी खाली जात. पाऊण तास आम्ही हातांनी वाळू उपसली. शेवटी उंच उंच गाड्या घेऊन आलेली काही तरुण मुलं थांबली आणि त्यांनी दोर लावून आम्हाला ओढून काढलं. त्यातला एक जण जाताना सहज म्हणाला, "भाई, गाड़ी नीची है आपकी."

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. परतताना तो गप्प होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "अब्बा, आपली गाडी लहान आहे का?"

मुलाच्या तोंडून आलेलं असं वाक्य बापाच्या मनात किती दिवस राहतं, हे बाप झालेल्यांना सांगायला नको.

उन्हाळ्यात वाळवंटात कोणी जात नाही. तो सगळा काळ मी पैसे बाजूला टाकले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलो. तिथला उस्ताद पेशावरकडचा पठाण, साठीच्या आसपासचा. त्याने गाडीखाली बत्ती घालून बराच वेळ पाहिलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "साहब, पीछे का स्प्रिंग बैठ गया है. नया डालो, कंपनी वाला. गाड़ी अपने आप ऊपर आ जाएगी."

दहा वर्षं ओझं वाहिलेल्या स्प्रिंगा दबतात. भरलेल्या गाडीची मागची बाजू बसलेली असते आणि आपल्याला वाटतं गाडीच ठेंगणी आहे. उस्तादाने पहिल्याच मिनिटात आजार ओळखला होता. पण मी इलाज ठरवूनच गेलो होतो. मी म्हटलं, "नहीं उस्ताद, दो इंच उठाना है." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. गिऱ्हाईक हट्ट धरतं तेव्हा कारागीर वाद घालत नाही.

गाडी उचलणं म्हणजे काय ते भाच्यासाठी इथे सांगतो. उचलण्याचे दोन प्रकार. एकात चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून नुसती बॉडी वर घेतात. दुसऱ्यात सस्पेन्शन बदलून चासीसकट सगळी गाडी वर घेतात. आम्ही केला तो दुसरा. त्यातही स्वस्तातला मार्ग म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसवणं. शॉकअपचं खालचं टोक चाकाला थेट जोडलेलं नसतं, खालच्या आर्मच्या मध्यावर असतं. त्यामुळे स्पेसर एक इंचाचा घातला की चाकाशी जवळपास दुप्पट उंची मिळते. आम्ही स्पेसर घातले नाहीत. चारही स्प्रिंगा आणि शॉकअप नवे, जास्त लांबीचे घातले.

पण गाडीत एक वस्तू हलवली की दहा वस्तू हलतात. प्राडोची पुढची चाकं सुटी वरखाली होतात, पण पुढचं डिफरेन्शियल चासीला बांधलेलं असतं. चासी वर गेली की डिफरेन्शियलही वर जातं, चाकं मात्र जमिनीवरच राहतात. मग दोघांना जोडणारे शाफ्ट जास्त तिरके होतात आणि त्यांच्या सांध्यांची झीज वाढते. चाकांचा कल बदलतो, म्हणून वरचे आर्म बदलावे लागतात आणि अलाइनमेंट नव्याने करावी लागते. मागचा एक्सल एका बाजूने आडव्या दांड्याने चासीला बांधलेला असतो. चासी वर गेली की तो दांडा एक्सलला थोडं बाजूला ओढतो. तोही लांबी कमीजास्त करता येईल असा घ्यावा लागतो. ब्रेकच्या नळ्या ताणल्या तर जात नाहीत ना, ते पाहावं लागतं. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. तो खाली करावा लागतो. शिवाय मी टायरही एक माप मोठे घेतले, २६५/६५ च्या जागी २६५/७०. त्यामुळे प्रत्यक्ष वेग स्पीडोमीटर दाखवतो त्यापेक्षा तीन टक्क्यांहून थोडा जास्त असतो.

परवानगीशिवाय इंजिनात किंवा चासीत फेरफार केला तर दंड होतो आणि गाडी जप्त होते, असा इथला कायदा आहे. मी कागदपत्रं रीतसर केली. सगळं मिळून साडेपाच हजार दिरहम गेले. बायकोला मी साडेतीन सांगितले.

गाडी गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा तिच्याकडे पाहून माझी छाती फुगली, हे कबूल करतो. पार्किंगमध्ये इतर गाड्यांच्या वरून तिचं छत दिसे. सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या गाडीवाल्याकडे मी वरून पाहत असे. मुलगा खूश होता. आठ वर्षांची मुलगी मात्र आत चढायला दोन्ही हातांनी लोंबकळायची. आम्हाला त्याचं हसू यायचं.

हायवेवर फरक लगेच कळला. गाडी वळणावर जास्त कलायची. जोरात ब्रेक दाबला की पुढे वाकायची. शेजारून ट्रेलर गेला की वाऱ्याने डुलायची. वजन तेच, पण ते जमिनीपासून वर गेलं. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला ज्या जपणुकीने चालावं लागतं, तसं उंच गाडीला चालवावं लागतं. हे मला चालवता चालवता समजलं, पण कोणाला बोललो नाही. एवढा पैसा घातल्यावर माणूस स्वतःच्या तक्रारीही ऐकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पुन्हा अल बदायरला गेलो. तीच टेकडी शोधून काढली. मुलाला दाखवायचं होतं. जोर घेऊन वर चढलो आणि माथ्याच्या दहा फूट अलीकडे गाडी रुतली. मागे यायला गेलो तर तिरकी झाली, एका बाजूने कलली, आणि बायको किंचाळली. उंच गाडी उतारावर आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. मी इंजिन बंद केलं. सगळ्यांना वरच्या बाजूच्या दारांनी उतरवलं. माझे हात थरथरत होते.

थोड्या वेळाने खालून एक जुनी पिकअप आली. मागे चाऱ्याच्या पेंढ्या. कंदुरा घातलेले एक वयस्क स्थानिक गृहस्थ उतरले. त्यांची पिकअप कुठूनही उचललेली वगैरे नव्हती. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दाबून पाहिलं आणि आखातातल्या जुन्या माणसांच्या हिंदीत विचारलं, "सदीक, हवा कितना?"

"पच्चीस," मी म्हटलं.

ते हसले. खिशातून एक काडी काढली आणि चारही चाकांतली हवा सोडू लागले. मी घाबरून म्हटलं, टायर रिममधून निघेल. ते म्हणाले, "धीरे चलाओ, जोर से मत घुमाओ, कुछ नहीं होगा." पंधरा पौंडांवर आणून थांबले. टायर खालून पसरले, लांबट झाले. उंटाचं पाऊल असतं तसे. मग मला गाडी सरळ खाली घ्यायला लावली, खालून पुन्हा चढायला सांगितलं. गाडी कुरकुर न करता, जोर न लावता, माथ्यावर जाऊन पलीकडे उतरली.

निघताना त्यांनी सांगितलं, "जबल में जाना है तो गाड़ी ऊपर. रमल में जाना है तो हवा नीचे." रमल म्हणजे वाळू.

मऊ वाळूत गाडीचं वजन जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितकी ती कमी रुतते. त्यासाठी हवा कमी करायची. रस्त्यावर येण्याआधी पंपाने ती पुन्हा भरायची. शंभर-दीडशे दिरहमचा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ एवढ्यात हे काम होतं. पहिल्या वेळीही आमची गाडी ठेंगणी नव्हती. स्प्रिंगा बसलेल्या होत्या, गाडीत ओझं जास्त होतं आणि टायरात अठ्ठावीस पौंड हवा होती. तिच्याहून जास्त हवा माझ्या डोक्यात होती.

उचलणं निरर्थक असतं असं मला म्हणायचं नाही. दगडगोट्यांच्या वाड्यांतून, डोंगरातल्या खडकाळ वाटांवरून जे नेहमी जातात त्यांना उंचीची गरज असते. पण तिथेही हिशेब नीट समजून घ्यावा. प्राडोचा मागचा एक्सल अखंड असतो. त्याच्या मधोमध डिफरेन्शियलचा गोळा असतो आणि मागे दगडाला तोच आधी लागतो. स्प्रिंगा कितीही उंच घातल्या तरी तो गोळा वर जात नाही, कारण तो चाकांबरोबर असतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्याने. माझ्या नव्या टायरांनी तो किती वर गेला? तेरा मिलिमीटर. अर्धा इंच. आणि गाडीचं दार किती वर गेलं? स्प्रिंगांचे पन्नास मिलिमीटर आणि टायरचे तेरा, मिळून त्रेसष्ट. म्हणजे अडीच इंच. दगडापासून अर्धा इंच मिळवायला मी दार अडीच इंच वर नेलं होतं.

हा हिशेब मी कागदावर केला तो नंतर. तो करायला भाग पाडलं अम्मीने.

मार्चच्या सुरुवातीला अम्मी दोन महिन्यांच्या व्हिसावर आली. रमजान आणि ईद आमच्याबरोबर करायची, असा बेत होता. तिचे दोन्ही गुडघे बरीच वर्षं दुखतात. विमानतळावर तिला गाडीत बसवताना मी आणि बायकोने दोन बाजूंनी धरलं. तिने पाय फुटबोर्डवर ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. आत बसल्यावर हसत म्हणाली, "अरे, ही गाडी आहे का माडी?" आम्ही सगळे हसलो. मी तिला कौतुकाने सांगितलं की गाडी कशी उचलली, किती खर्च आला. ती म्हणाली, "माशाअल्लाह, छान आहे."

त्यानंतर ती गाडीत फारशी बसली नाही. समुद्रावर जाऊ म्हटलं की म्हणायची, "तुम्ही जा, मी मगरिबपर्यंत जरा पडते." बाजारात जाऊ म्हटलं की, "मला काय घ्यायचंय?" मला वाटलं, वय झालं, थकते.

२३ मार्चला रमजान सुरू झाला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावच्या मशिदीत बायकांसाठी जागा नाही. अम्मीने आयुष्यभर तरावीह घरातच पढली, कधी एकटीने, कधी शेजारच्या चारजणींना घेऊन. जमातीबरोबर, इमामाच्या मागे, पूर्ण कुरआन ऐकत तरावीह पढणं तिच्या नशिबात सत्तर वर्षांत आलं नव्हतं. शारजात मशिदींतून बायकांसाठी वेगळी जागा असते. खालिद सरोवराच्या काठावरची अल नूर मशीद तिने फोटोत पाहिली होती. गावाहून निघताना तिने मला फोनवर सांगितलं होतं, "त्या मशिदीत मला एकदा तरावीहला ने."

पहिल्या रात्री मी म्हटलं, "चल अम्मी, अल नूरला जाऊ." ती म्हणाली, "आज नको. इथलीच बरी. चालत जाऊ." आमच्या इमारतीपासून जवळची मशीद आम्हाला आठ-दहा मिनिटांवर. अम्मीला पंचवीस मिनिटं लागत. मध्ये एका दुकानाच्या पायरीवर ती बसायची. मी रोज म्हणायचो, "गाडीने सोडतो." ती रोज म्हणायची, "मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचा सवाब असतो. तो कशाला घालवू?"

ह्या उत्तरावर मुलगा काय बोलणार? मला तिचा अभिमानच वाटायचा. ऑफिसात मी दोघा-तिघांना हे सांगितलंही. अल नूर मशिदीचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

शेवटच्या अशऱ्यातली एक रात्र. तरावीहहून आल्यावर अम्मी गुडघ्यांना तेल लावत बसली होती. मुलगी जवळ होती. मी तिला म्हटलं, "बघ, दादीकडून शीक. एवढं दुखतं तरी चालत जाते, सवाबसाठी."

मुलगी म्हणाली, "दादी सवाबसाठी नाही चालत, अब्बा. दादीला आपल्या गाडीत चढता येत नाही. त्या दिवशी पडली ना ती."

खोलीत कोणी काही बोललं नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग हळूहळू सगळं कळलं. अम्मी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात दोघी मुलीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. उतरताना अम्मीचा पाय फुटबोर्डवरून सुटला आणि ती पार्किंगमध्ये बसकन खाली आली. नडगी सोलली. हाड मोडलं नाही ही अल्लाहची मेहरबानी. घरी येऊन तिने सुनेकडून वचन घेतलं होतं की मला सांगायचं नाही. "त्याने हौसेने केलंय," असं ती म्हणाली होती. "एवढे पैसे घातलेत. त्याचं मन मोडेल."

अम्मीने सलवार घोट्यावर ओढली होती, ती मी वर केली. नडगीवर वितभर काळा डाग होता. तीन आठवडे ती त्याच घरात माझ्यासमोर नमाज पढत होती, इफ्तारीची तयारी करत होती. मला तो डाग दिसला नव्हता. खाली पाहायची सवयच मोडली होती.

"मग सवाबचं काय खोटं सांगितलंस?" मी विचारलं. रागाने नाही, पण आवाज तसाच आला असावा.

ती म्हणाली, "खोटं कशाला? सवाब तर मिळालाच असेल."

त्या रात्री झोप लागली नाही. सहरीच्या आधी मी टेप घेऊन खाली गेलो आणि दाराची उंची मोजली. वर सांगितलेला हिशेब मी तेव्हा केला.

रमजानमध्ये गॅरेजं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. दुसऱ्याच रात्री उस्तादाकडे गेलो. त्याला म्हटलं, "उस्ताद, नीचे करना है." त्याने कारण विचारलं नाही. मीच सांगितलं. तो म्हणाला, "माँ जी के लिए? तो पहले बोलना था." कंपनीच्या मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा घातल्या, त्यांना जुळतील असे शॉकअप घातले, टायर पुन्हा जुन्या मापाचे. वाढीव सामान त्याने विकून दिलं, पण निम्मी किंमतही आली नाही. अलाइनमेंटचे पैसे त्याने घेतले नाहीत. निघताना मी टेप लावला. मागची बाजू उचलण्याआधी होती त्यापेक्षा जवळपास एक इंच वर होती. नव्या स्प्रिंगांनी गाडी तिच्या खऱ्या उंचीवर आली होती. पहिल्या दिवशी त्याने सांगितलेला इलाज तोच होता.

रमजानच्या उरलेल्या रात्रींपैकी दोन आम्हाला मिळाल्या. अम्मी अल नूर मशिदीत गेली. मी गाडी फुटपाथला लावली, मुलीने तिचं प्लास्टिकचं स्टूल खाली ठेवलं, आणि अम्मी कोणाचाही हात न धरता उतरली. तरावीह संपल्यावर बायकांच्या दारातून ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. काही बोलली नाही. घरी येईपर्यंत खिडकीतून पाण्यावरचे दिवे पाहत होती.

२१ एप्रिलला ईद झाली. ईदची नमाजही तिने आयुष्यात पहिल्यांदा जमातीबरोबर मैदानात पढली.

ईदनंतरच्या आठवड्यात तिला वाळवंट दाखवायला नेलं. टेकड्यांवर चढलो नाही. अल बदायरला रस्त्याजवळच्या कडक जमिनीवर चटई टाकून बसलो. तिथे उंटावर बसवून फिरवणारे असतात. एका लहान मुलाला बसवायचं होतं. उंटवाल्याने दोरी खाली ओढली आणि उंटाने आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि पोट वाळूवर टेकून बसला. अम्मी बराच वेळ पाहत होती. सूरह अल-गाशियात उंटाचा उल्लेख येतो, ती सूरह तिला पाठ आहे. मला वाटलं, ती त्याबद्दल काही बोलेल.

ती म्हणाली, "बघ, एवढा उंच आहे, पण माणसाला बसवायचं तर खाली बसतो."

एवढंच बोलली. चहा मागितला. माझा मुलगा माझ्याकडे पाहून हसला.

तर भाच्याला मी काय सांगितलं? दुसऱ्या दिवशी फोन करून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते. दुसरी पाण्याची. इंजिन हवा कुठून घेतं ते बघ. गाडी दोन इंच उचलली म्हणून पुरात घालता येते असं नाही. इंजिनात पाणी गेलं की संपलं, आणि वाहतं पाणी जड गाडीलाही बाजूला ढकलतं. इथे पाणी वाहत असलेल्या वाडीत गाडी घातली तर दोन हजार दिरहम दंड आणि साठ दिवस गाडी जप्त, असा नियम २०२३ मध्ये आला होता. उंच गाड्यावालेच त्यात जास्त सापडत असतील असं मला वाटतं. पुरात गाडीसाठी उंची नको, उंच जागा हवी. पाणी वाढायच्या आत ती तिथे नेऊन ठेव.

तिसरी गोष्ट सांगताना मी जरा थांबलो. म्हटलं, "स्प्रिंगा तपासून घे, बसल्या असतील तर कंपनीच्या नव्या घाल. रस्त्यावरचे ओघळ दगडमातीने भरून घे, गावातली चार पोरं लाव, एका दिवसाचं काम आहे. आणि ह्यानंतरही उचलायची असेल तर आधी नानीला गाडीत बसव. तिचा पाय कुठवर जातो ते बघ. टेप तिथे लाव."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. रस्ता भरून झाला होता. नानीला घेऊन तो दवाखान्यात जाऊन आला होता.

"मामू, मी टेप घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "नानीने बघितला. दार धरून उभी राहिली आणि मला विचारलं, 'काय रे, तुझी पण उचलणार आहेस का?'"

"मग तू काय म्हणालास?"

"टेप खिशात घातला."